तेर्सिन्याकांचं नाक

"आधी तू," मस्यू एतिएन म्हणाले आणि नेहमीसारखे खिडकीबाहेर बघत बसले.

टेबलावर पाच पेले होते. प्रत्येकाच्या तळाशी बोटभर कोन्याक, म्हणजे इथली द्राक्षाची ब्रँडी, आणि काचेवर खडूने लिहिलेला आकडा, बस्स. नोव्हेंबरची सकाळ होती. बाहेर शारांत नदीवर धुकं बसलं होतं आणि आत आम्ही दोघंच होतो. मी एकेक पेला नाकाशी नेला.

"एक, बसका. दोन, गोड, पण गोडवा वरवरचा. चार, लाकूड जास्त. पाच, नको."

"आणि तीन?"

तीन नंबरचा पेला मी पुन्हा उचलला. वर्षभर आम्ही जे शोधत होतो ते सगळं त्यात होतं. जुने अक्रोड, संत्र्याची वाळलेली साल, जायफळाची ऊब. पण या सगळ्याच्या खाली आणखी काहीतरी होतं आणि ते माझ्या हाती लागत नव्हतं.

"तीन चांगला आहे," मी म्हणाले. "म्हणजे सगळ्यात चांगला तोच. फक्त शेवटी, अगदी शेवटी, नाशकात आमच्या दुकानात पावसाळ्यात दगडफुलाच्या पोत्याला ओल लागली की जसा वास यायचा ना, तसं काहीतरी येतंय. बाबा ते पोतं लगेच वेगळं काढायचे. पण हे कदाचित जुनेपणामुळेही असेल. किंवा मलाच वाटत असेल. मिरची कांडून आली की दोन दिवस मला दुकानात सगळंच ओलसर लागायचं."

"मग निवड कोणती?"

"तीनच. पण तुम्ही बघा ना एकदा."

त्यांनी पेला उचलला, डोळे मिटले आणि आपलं ते प्रसिद्ध लांब नाक काचेत घातलं. मी श्वास रोखून त्यांच्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी पेला खाली ठेवला.

"ठीक," ते म्हणाले. "तीन."

माझा जीव भांड्यात पडला. चुकलं असतं तर त्यांनी सांगितलंच असतं.

आता हे तेर्सिन्याक कोण ते सांगायला हवं. फ्रान्समध्ये कोन्याक गाळणाऱ्यांच्या धंद्याला कारखाना म्हणत नाहीत, घर म्हणतात, आणि ते बरोबरच आहे, कारण त्यात घरातल्यासारखीच भांडणं असतात. तेर्सिन्याकांचं घर अडीचशे वर्षांचं. मूळ पुरुष मिठाचा व्यापारी. नदीतून मीठ आणि वाइन बाहेरदेशी पाठवायचा. वाइन वाटेत आंबायची, म्हणून त्याने ती तांब्याच्या हंड्यात गाळून पाठवायला सुरुवात केली, उरलेली ओकच्या पिंपांत पडून राहिली आणि पडून राहता राहता तिचं सोनं झालं. मस्यू एतिएन या घराचे सातवे मालक. पंचाहत्तरी ओलांडलेले, उंच, बोलायला कमी. पंचक्रोशीत त्यांना 'नाक' म्हणत. कोणतं पिंप कोणत्या पिंपात मिसळायचं हा या धंद्यातला खरा हुन्नर, आणि तो नाकाचा. घरातला शेवटचा शब्द त्यांच्या नाकाचा असे.

मी या सगळ्यात कुठून आले? रविवार कारंज्याजवळच्या मसाल्याच्या दुकानातून. शाल्मली नाव माझं. रसायनशास्त्र शिकले, दिंडोरी रस्त्यावरच्या एका वायनरीत नोकरी केली, मग शिष्यवृत्ती मिळवून बोर्दोला आले आणि तिथून इथे. आमची आत्या नाशकात सगळ्यांना सांगायची, "आमच्या शालूला परदेशात नाकाने कांदे सोलायचा पगार मिळतो." मी चिडायचे, पण पगार त्याचाच मिळत होता हे खोटं नव्हतं.

या घरात एक नियम होता, दुसऱ्या कुठल्याच घरात नसलेला. पेले मांडले की सगळ्यात लहान माणसाने आधी बोलायचं आणि थोरल्याने शेवटी. मस्यू एतिएनची मुलगी सोलांज घराचा व्यवहार सांभाळायची, पाहुण्यांना घर दाखवायची. ती या नियमाची गोष्ट फार रंगवून सांगे. मूळ पुरुषाच्या सतरा वर्षांच्या मुलाला एका पिंपाचा वास बिघडलेला लागला, पण बापापुढे तोंड उघडायची हिंमत झाली नाही. सगळा माल जहाजात चढला आणि लंडनहून जसाच्या तसा परत आला. तेव्हापासून धाकट्याने आधी बोलायचं. पाहुणे माना डोलवायचे. मलाही ती गोष्ट आवडायची. आमच्या घरी थोरल्यांच्या आधी तोंड उघडलं की "तुला कोणी विचारलंय?" असं यायचं. इथे रोज मलाच आधी विचारत होते. मी मोकळेपणाने बोलायचे, कारण चूक झाली तर सावरायला ते बसलेले होते.

त्या वर्षी घराला अडीचशे वर्षं पुरी होणार होती आणि त्यासाठी खास मिश्रण करायचं होतं. तळघराच्या शेवटच्या खोलीत, जिला इथे स्वर्ग म्हणतात, वेताने मढवलेली काचेची एक मोठी बरणी होती. दीडशे वर्षांपूर्वी एक कीड आली आणि या मुलखातली एकूण एक द्राक्षवेल खाऊन गेली. त्या किडीच्या आधीच्या वेलींची ही शेवटची कोन्याक. जगात दुसरी नाही. आम्ही निवडलेल्या नमुन्याच्या पिंपात ती ओतायची होती. एकदा ओतली की ओतली. पिंपाला वाईट वास असेल तर बरणीही गेली. शिवाय एक मोठी कंपनी घर विकत घ्यायला टपून बसली होती, आणि सोलांजने मला स्वच्छ सांगितलं होतं, "हे जमलं तर आपण उभे राहू, नाही जमलं तर मी सही करणार."

"दुपारी मीच ओततो," मस्यू एतिएन उठताना म्हणाले. स्वर्गाची किल्ली एकट्या त्यांच्याकडेच असायची.

जेवणानंतर ते किल्ली घेऊन तळघरातून वर येताना मला दिसले. मी काही विचारलं नाही. काम झालं असणार, असं समजून मी माझ्या खोलीत पत्रं लिहीत बसले.

त्याच दुपारी भट्टी पेटायची होती. हंगामाची पहिली आग घरच्या मालकाने हाताने लावायची हीदेखील तिथली रीत. बटण दाबून पेटणारी यंत्रं कधीच आली होती, पण पहिल्या दिवशी ते लांब काडी घेऊन हंड्यापुढे गुडघ्यावर बसत, सगळे जमत, टाळ्या वाजत. चारची वेळ ठरली होती. मी जरा लवकरच निघाले.

भट्टीच्या खोलीचं दार ढकललं आणि वास अंगावर आला. सडक्या अंड्यासारखा, दाट, डोळ्यांत पाणी आणणारा. गॅस. नाक नसलेल्या माणसालाही कळावा म्हणून मुद्दाम घातलेला तो वास. सगळी खोली भरली होती.

आणि हंड्यापुढे मस्यू एतिएन गुडघ्यावर बसले होते, एकटेच. पांढरी कॉलर, धुतलेला कोट. एका हातात काड्यांची पेटी आणि दुसऱ्या हातात लांब काडी. चेहरा अगदी शांत.

"थांबा! अहो काका, थांबा! पेटवू नका!"

मी मराठीत ओरडले. फ्रेंच तोंडातून फुटलंच नाही. आणि काका तर मी त्यांना जन्मात कधी म्हटलं नव्हतं. त्यांना शब्द कळला असणं शक्यच नाही, पण काडी पेटीवर टेकलेली होती ती तिथेच थांबली. मी धावत जाऊन गॅसची उघडी राहिलेली कळ बंद केली, त्यांच्या हातातली पेटी ओढून घेतली आणि पंचाहत्तरीच्या त्या माणसाला कॉलरला धरून अंगणात ओढत आणलं. बाहेर आल्यावर मी पायरीवर बसकण मारली.

"वास नाही आला तुम्हाला?" मी विचारलं.

ते कोटाची कॉलर सारखी करू लागले.

"सगळी खोली भरलीय! दारातून कळतंय! तुम्हाला वास कसा नाही आला?"

एवढ्यात सोलांज ऑफिसातून धावत आली. ती अंगणाच्या मध्यावर होती तेव्हाच तिने नाकाला हात लावला. काही न विचारता तशीच वळून तिने भिंतीवरची गॅसची मुख्य तोटी बंद केली, खोलीची दारं सताड उघडली आणि परत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती बापासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पपा, भट्टीत एकट्याने जायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं?"

मी तिच्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे.

"ठरलं होतं म्हणजे?"

सोलांजने ओठ चावला. तिच्या तोंडून निघून गेलं होतं आणि आता ते परत घेता येत नव्हतं.

"सांग तिला," मस्यू एतिएन म्हणाले. "वाचवलंय तिने मला."

"पपांना वास येत नाही," सोलांज म्हणाली. "एका हिवाळ्यात ताप आला होता. ताप गेला, पण वास परत आला नाही. पॅरिसचे डॉक्टर झाले, सगळं झालं. कॉफीचाही येत नाही."

"कधीपासून?"

तिने मान वळवून भट्टीच्या उघड्या दाराकडे बघितलं.

"मी सहा वर्षं इथे आहे, सोलांज. कधीपासून?"

"तू यायच्या आधीपासून. त्यामुळेच तर तुला बोलावलं."

सहा वर्षं. रोज सकाळी तो पेला, ते मिटलेले डोळे, ते लांब नाक, आणि शेवटी ते "ठीक". मी त्या "ठीक"वर जगले होते. माझं बरोबर आलं म्हणून खोलीवर जाऊन बाबांना फोन केले होते. आणि तिथे कोणी नव्हतंच. तेर्सिन्याकांच्या नावाने बाटल्या जगभर गेल्या, त्यांत शेवटचा शब्द नाशकातल्या एका पोरीचा होता आणि त्या पोरीलाच ते ठाऊक नव्हतं. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात. इथे मीच गाय आणि मीच गुराखी होते.

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"घरात सगळ्यांना," सोलांज हळूच म्हणाली. "पिंपं दुरुस्त करणाऱ्याला. स्वयंपाकघरातल्या ओदेतला. ती करपलेलं सूप मुद्दाम पपांच्या ताटलीत वाढते, तेवढंच वाया जात नाही."

"म्हणजे फक्त मला नाही."

"तुलाच सांगायचं नव्हतं, शाल्मली."

"का? झाकली मूठ माझ्यापासूनच का झाकायची? नाक तर माझं वापरत होतात ना!"

मी ओरडत होते. अंगणाच्या टोकाला ओदेत येऊन उभी राहिली होती आणि पदराने, म्हणजे एप्रनने, हात पुसत होती. तिच्याही चेहऱ्यावर तेच होतं. माहीत असल्याचं. मला इतकी लाज वाटली की रडूही येईना.

आणि मग मला बरणी आठवली.

सकाळी मी काय म्हणाले होते? तीनच, पण तुम्ही बघा. मी शंका त्यांच्यासमोर ठेवली होती, माझ्यापेक्षा मोठ्या नाकाने ती तपासावी म्हणून. आणि ती एका रिकाम्या नाकाने तपासली होती. पिंपाला ओल लागली असेल तर? दीडशे वर्षांची ती एकुलती एक बरणी मी माझ्या "कदाचित"वर ओतायला लावली होती.

"ओतली तुम्ही?" मी उठले. "बरणी ओतलीत?"

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि तळघराच्या दिशेने चालू लागले. मी त्यांच्या मागे निघाले. सोलांज आली नाही.

तळघरात ओलसर गारवा होता. दोन्ही बाजूंना पिंपं, वर काळी पडलेली भिंत. शेवटचं जाळीचं दार त्यांनी उघडलं आणि दिवा लावला.

बरणी जागेवर होती. वेताची वीण धुळीने माखलेली, गळ्यापर्यंत भरलेली, आणि तोंडावरचं मेण कुठेही तडकलेलं नव्हतं.

मी त्या मेणावरून हात फिरवला.

"तुम्ही 'ठीक' म्हणालात," मी म्हणाले.

"तुला म्हणालो. बरणीला नाही." ते एका रिकाम्या पिंपावर टेकले. "दुपारी खाली आलो ते तीन नंबरच्या पिंपावर खूण करायला. त्याची एक फळी आतून कुजत असणार. उद्या तेच पाच पेले पुन्हा मांडले असते, आकडे बदलून. पुन्हा परवा. नेहमी तसंच करतो. तुला वाटतं नवे नमुने आहेत."

"पण तुम्हाला कळलं कसं? तुम्हाला तर..."

"तू सांगितलंस की."

"मी तीनच म्हणाले!"

"तू एक म्हणालीस तेव्हा एका शब्दात म्हणालीस. दोन, चार, पाच, तसेच. खात्री असली की तुला शब्द लागत नाहीत, मुली. खात्री नसली की तू नाशकाला जाऊन येतेस. तुझे वडील येतात, दुकान येतं, पोती येतात. आवाज जरा वर चढतो. शेवटी स्वतःलाच दोष देतेस." ते किंचित हसले. "वास गेला तेव्हा वाटलं, संपलं. मग तू आलीस. पहिल्या महिन्यात कळलं की मला पेल्याकडे लक्ष द्यायची गरजच नाही. मी सहा वर्षं तुझा आवाज ऐकतोय. त्यात मी अजून चुकलो नाही."

मला त्यांचं ते खिडकीबाहेर बघणं आठवलं. मी समजत होते की त्यांना माझं बोलणं ऐकण्यात रस नाही.

"हे तुम्हाला सुचलं कसं?"

"मला नाही सुचलं. माझ्या वडिलांनी माझं असंच ऐकलं. त्यांचं नाक साठीला गेलं होतं. मला ते गेल्यावर कळलं, आईने सांगितलं. त्यांच्या काकांचंही तसंच झालं होतं. म्हातारपणी जातंच गं नाक, सगळ्यांचं जातं. इतर घरं ते लपवतात आणि बुडतात."

"आणि ती जहाजाची गोष्ट? सतरा वर्षांचा मुलगा?"

"जहाज परत आलं होतं, ते खरं आहे," ते म्हणाले. "पण मुलगा घाबरला नव्हता. बापाचं नाक गेलं होतं, तोच शेवटचा शब्द बोलत होता आणि कोणाचं ऐकत नव्हता. धाकट्याने आधी बोलावं हा नियम धाकट्यासाठी केलेला नाही. थोरल्याला काहीतरी ऐकायला मिळावं म्हणून केलेला आहे."

मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. इतकी वर्षं माझ्या डोक्यावर कोणी नव्हतं, असं मला अंगणात वाटलं होतं. आणि इतक्या बारकाईने माझं कोणीच कधी ऐकलं नव्हतं, आईनेसुद्धा नाही. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

"मग काही बिघडलं नाही," मी नाक पुसत म्हणाले. "मला आता कळलंय, ते बरंच झालं. मी काही जाऊन कोणाला सांगणार नाही. उद्यापासून पुन्हा पेले मांडू. आहे तसंच चालू दे."

त्यांनी मान हलवली, पण होकाराची नाही. ते उठले, कोपऱ्यातल्या पिंपातून काचेच्या नळीने थोडी कोन्याक ओढून काढली, पेल्यात सोडली आणि पेला माझ्या हातात दिला. कोणतं पिंप ते सांगितलं नाही. मग पुन्हा टेकून त्यांनी डोळे मिटले.

ते मिश्रण पुढे झालं आणि घरही विकलं गेलं नाही. पण ते सगळं नंतर, खूप ओढाताणीने झालं. त्या क्षणी तळघरात मी फक्त पेला नाकाशी नेला. वास चांगला होता. थोडा तिखट, मध्ये मध, शेवटी एक कडवट धागा, तो मला नीटसा कळला नाही. मी तोंड उघडलं आणि मला नाशिक आठवलं. वाळत घातलेली हळकुंडं आठवली. ते सांगू की नको, असा विचार मी केला. सांगितलं तर त्यांना कळेल की मला खात्री नाही. नाही सांगितलं तर खात्री आहे असं वाटेल. आणि मुद्दाम सांगितलं तर?

"चांगली आहे," मी म्हणाले. माझा आवाज अगदी सरळ आला, वर चढला नाही की खाली उतरला नाही. "पण कडवटपणा आहे. अजून दोन वर्षं राहू द्यावी."

ते ऐकत राहिले. मी गप्प झाल्यावरही बराच वेळ ऐकत राहिले, मान थोडी कलती करून. मग त्यांनी डोळे उघडले. भट्टीपुढून मी त्यांना ओढून काढलं तेव्हाही जी भीती त्यांच्या चेहऱ्यावर दिसली नव्हती, ती आता दिसली.

"आता तुझ्या आवाजात काही ऐकू येत नाही," ते म्हणाले.

स्वर्गाची किल्ली त्यांनी पिंपावर ठेवली आणि भिंतीला हात लावत ते जिना चढून वर गेले. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण कोणत्या आवाजात मारायची ते मला ठरवता येईना.